दामूच्या मागोमाग

कर्जतच्या दहिवलीत राहणाऱ्या सुचेताच्या घरी वासावरून माग काढणारा ब्लडहाउंड कुत्रा आला तो नवऱ्याच्या हौसेमुळे. चौक गावाजवळचा बंगला विकून परदेशी निघालेल्या लोकांनी तिच्या नवऱ्याला, देवव्रतला, तो फुकटच देऊन टाकला. नाव दामू. कान एवढे लांब की पाणी पिताना तोंडाआधी तेच भिजायचे. लाळ तर भिंतींवरसुद्धा. "राखणीला आणलायस की मला पुसायला काम हवं म्हणून?" सुचेता विचारायची. राखणीचं नावच नको. गॅसवाल्याच्या पायावर डोकं ठेवून तो झोपला होता. पण एकदा वास धरला की हाका ऐकू येणं बंद. गोड-तेलकट वर्ज्य असलेल्या देवव्रतला त्यानं एका सकाळी थेट वडापावच्या गाडीवर पकडलं, तेव्हा घरात दोन दिवस हसू चाललं होतं. सुचेताच्या मनात मात्र भलतंच येऊन गेलं.

तिची अठरा वर्षांची लेक तनया रोज संध्याकाळी वाचनालयात जाते म्हणायची. वाचनालय सोमवारी बंद असतं, आणि तनया सोमवारीही गेली. कोणी मुलगा असणार, या विचारानं सुचेताचा डोळा लागेना. लेकीला सरळ विचारायचा धीरही होईना. पुढच्या सोमवारी ती बाहेर पडल्यावर सुचेतानं तिच्या उशीचा अभ्रा दामूच्या नाकाला लावला.

दामूला जवळची वाट ठाऊक नसते. तनया जिथे थांबली होती तिथे तो थांबला. पुलाचा कठडा, झेरॉक्सचं दुकान, मग नीलेशची पाणीपुरीची गाडी.

"वहिनी, तुम्ही त्याला फिरवताय का तो तुम्हाला?" नीलेश ओरडला. "तनयाला शोधताय होय? आत्ताच पुढं गेली!"

गाडीभोवतीचे सगळे वळून बघू लागले. पट्टा ओढून उपयोग नव्हता. चाळीस-पंचेचाळीस किलोचं धूड ते. बाजार संपला, बौद्धवाडा आला, आणि त्याच्या मागच्या मैदानात तनया दिसली. ती स्कूटरवर होती. अंगणवाडीत काम करणारी उज्वला मागून सीट धरून पळत होती.

"पाय नको टेकू गं! ब्रेक दाब, ब्रेक!"

मुलगा नव्हताच. हायवेवरचे अपघात बघून सुचेतानं तनयाला स्कूटर चालवायला बंदी केली होती, एवढंच. हायसं वाटायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "इथे? तुला इथेच यायचं सुचलं?"

स्कूटरसाठी म्हणाले, असं तिला नंतर सांगता आलं असतं. पण ते खरं नव्हतं, आणि समोरच्या दोघींनाही ते कळलं होतं.

उज्वलानं सीटवरचा हात काढला. मग म्हणाली, "घामाघूम झालात. घर समोरच हाय, पाणी घ्या."

"नको, नको."

विचार न करताच तोंडून गेलं ते. स्वतःचेच शब्द ऐकू आले तेव्हा सुचेताचे कान तापले. दामूनं मात्र उज्वलानं पुढ्यात ठेवलेलं पाण्याचं घमेलं रिकामं केलं.

"आई, तू माझ्यामागे कुत्रा लावलास?" तनया एवढंच बोलली. घरी जेवली नाही. आईकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुचेता एकटीच उज्वलाच्या दारात उभी राहिली. "काल मी फार वाईट बोलले. आणि... पाणी मिळेल?"

उज्वलानं तांब्या-भांडं आणलं. "घ्या. पण कालचं नको म्हणणं मी इसरले नाय हां."

सुचेता पाणी प्यायली. भांडं परत देत ती म्हणाली, "तनया येऊ दे शिकायला. कुठे जाते, काय करते, मी आता काही विचारणार नाही."

"का नाय? विचारा की. आई हाय तुमी," उज्वला म्हणाली. "पण तिला विचारा. कुत्र्याला नको."

सुचेतानं मान हलवली. वर बघणं तिला जमलं नाही.