दुसऱ्यांदा त्याच दारात

दत्तमहाराजांशी मी बोलणं टाकलं होतं. पूजा चालू होती, पण ती आपली रीत म्हणून. लहानपणीच जडलेल्या मधुमेहानं ऐन तिशीत माझी मूत्रपिंडं निकामी केली, तेव्हा कुण्या अनोळखी घरानं आपलं माणूस गेलं त्याच दिवशी त्याचं मूत्रपिंड आणि स्वादुपिंड मला दिलं. काही वर्षं सुखात गेली. मग माझ्याच शरीरानं ते दान नाकारलं आणि पुन्हा डायलिसिस, पुन्हा इन्सुलिनच्या सुया, पुन्हा मोजून घोटाघोटानं पाणी. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्यांदा प्रत्यारोपण करता येईल; अवघड आहे, पण आशा आहे, नाव नोंदवू का? मी नको म्हटलं. एवढं मोठं दान अंगी टिकलं नाही, आता पुन्हा कुठल्या तोंडानं मागायचं?

राजेश्वर गावी शेती करणारे माझे थोरले भाऊ, आमचे अण्णा, हे ऐकून भडकले. "कामून नगं म्हणायलीस? गोळ्या चुकवल्यास का कधी? न्हाई ना? मग कशाची लाज धरायलीस?" मी उठून आत जायला निघाले, तेव्हा त्यांनी मला गाडीत बसवलं आणि थेट गाणगापूरला आणलं. माझ्याशी नाही तर नाही, महाराजांशी तरी भांड, म्हणाले.

गाणगापुरात दुपारी महाराज स्वतः भिक्षेला फिरतात अशी श्रद्धा आहे. म्हणून आलेले भक्तही झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतात. मी शाळेत शिकवणारी बाई, मागायची सवय कुठली! कुणाची विसरलेली पिशवी परत करायला निघाल्यासारखी ती झोळी मी अंगापासून लांब धरली होती. मधुमेहानं नजर अधू झालेली, सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसत होत्या. पाचव्या दारात उभी राहून भिक्षा मागितली आणि भाकरी घेऊन बाहेर आलेल्या अक्कांचं पिवळंधमक इरकल पाहून ओशाळले. माझं पहिलं घरही हेच होतं.

"अक्का, चुकलं माझं. मघाशी तुम्हीच वाढलंत."

"मग काय झालं?" अक्का हसल्या. "महाराज एकाच दारात किती डाव येत्यात, ते मी कामून मोजू? झोळी नीट धर, भाकरी पडायलीय."

मी झोळी नीट धरली. भर गल्लीत रडू फुटलं आणि त्या रडण्यातच हसूही आलं. अण्णा घाबरून धावत आले, तर मी म्हटलं, डॉक्टरांना फोन लावा, माझं नाव नोंदवायचंय.

वाट बरीच पाहावी लागली, पण बोलावणं आलं. आणखी एका घरानं आपल्या दुःखाच्या दिवशी माझी झोळी भरली. त्या घराचं नाव मला ठाऊक नाही. रोज दिवा लावताना मी त्यांच्यासाठी हात जोडते. शस्त्रक्रियेनंतर साखर आपसूक ताळ्यावर आली आणि लघवीही होऊ लागली. अण्णांनी ही बातमी वॉर्डाबाहेर बारशाच्या थाटात सगळ्यांना सांगितली. मला लाजेनं मेल्यासारखं झालं, पण इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हटलं, तेव्हा तर मी तांब्या तोंडालाच लावला.

पुढं डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिल्यावर, तोंडाला मास्क बांधून अक्कांच्या दारी गेले. साडीचोळी पुढं केली, सगळी हकीकत सांगितली, तर त्यांना काही आठवेचना. "रोज कितीजण येत्यात, बाई. कोण ध्यानात ठेवतंय?" त्या म्हणाल्या. देणारीनं हिशोब ठेवलाच नव्हता. तो मीच उराशी धरून बसले होते. मी खाली वाकून नमस्कार केला, तर म्हणाल्या, "थांब, तव्यावर भाकरी हाय. गरम गरम घेऊन जा."

या वेळी मी पदर पसरला, तो अगदी हौसेनं. महाराजांशी माझं बोलणंही पुन्हा सुरू झालंय. आता कधीकधी वाटतं, तेच म्हणत असतील, अगं, जरा श्वास तरी घे!