उजव्या खांद्यावरचा पदर

फोटोंच्या जुन्या स्लाइड्स स्कॅन करून पेनड्राइव्हवर द्यायचं काम मी निगडीत घरीच करते. काम चालू असताना गिऱ्हाईक समोर बसलेलं मला खपत नाही. पण हे काका स्लाइड्सचा डबा ठेवून गेलेच नाहीत. चिंचवडच्या कंपनीच्या इन्स्पेक्शन खात्यातून रिटायर झालेले. प्रत्येक स्लाइड मला देण्याआधी ते बोटं रुमालाला पुसायचे, दोन कडांना धरून ती उजेडात बघायचे, जणू अजून कंपनीतले पार्टच तपासून पास करतायत.

एका स्लाइडमध्ये त्यांची बायको कॉलनीच्या गेटपाशी हसत उभी होती. पदर मात्र उजव्या खांद्यावर.

"काका, ही उलटी लागली," म्हणत मी क्लिक केलं. पदर डाव्या खांद्यावर आला.

काका स्क्रीनकडे वाकले.

"घरी पडद्यावर दाखवताना माझी ही एक स्लाइड नेहमी उलटी लागायची," ते म्हणाले. "ती लगेच ओरडायची, 'अहो, पदर बघा माझा! कंपनीत असेच पार्ट पास करता का?' पहिल्यांदा चुकून झालं. मग मी मुद्दामच लावायला लागलो."

त्यांनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.

"दोन वर्षं झाली तिला जाऊन. घरात माझी चूक काढणारं कोणी नाही. उलटीच राहू द्या, मॅडम. सुलटी केलीत तर ती ओरडेल कशाला?"

मी पुन्हा क्लिक केलं. पदर उजव्या खांद्यावर गेला, आणि काका खुर्चीत सावरून बसले, बोलणी खायला तयार असल्यासारखे.