रद्द झालेली पंचवीस फेब्रुवारी

जाब्रियातल्या आमच्या क्लिनिकमधल्या नर्सेसची ड्युटी मी लावते, आणि फेब्रुवारी आला की माझ्या नाकी नऊ येतात. पंचवीस-सव्वीसला कुवेतची राष्ट्रीय सुट्टी. ती सगळ्यांनाच हवी. यंदा मलाही हवी होती, कारण नवऱ्याने खैरानला समुद्रकाठी घर बुक केलं होतं. म्हणून आमच्या फिलिपिनी नर्सला मी पंचविसाची ड्युटी बिनदिक्कत लावून टाकली. दरवर्षी ती सुट्टीसाठी हीच तारीख मागायची. रस्त्यावरची धमाल बघायची हौस असेल, असं मी धरून चालले होते.

ती टेबलापाशी आली. "मॅम, हा आमचाही दिवस आहे. लोकांनी हुकूमशहाला घालवलं, तो."

"अगं, तुमच्याच सरकारने ती सुट्टी रद्द केली ना?" मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. बोलून गेल्यावर लाज वाटते.

"म्हणूनच हवी," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण ती जागची हललीही नाही. तिच्या देशात रणगाडे अडवायला लाखो माणसं रस्त्यावर बसली, तेव्हा सहा वर्षांची ही आईच्या मांडीवर होती. आई आता सत्तरीची. दर पंचवीस फेब्रुवारीला ती त्याच रस्त्याच्या कडेला जाऊन बसते, आणि लेक इथे कुवेतमध्ये, हवल्लीतल्या आपल्या खोलीत व्हिडिओ कॉल लावून दिवसभर तिला सोबत करते. "यंदा तिकडे कामाचा दिवस आहे, मॅम. कुणी आलं नाही, तर निदान मी तरी हवी."

मी तिचं नाव खोडून माझं लिहिलं. नवरा दोन दिवस गाल फुगवून बसला. म्हटलं, बस.

पंचविसाला रस्त्यावरच्या धमालीत एकमेकांवर उडवलेल्या फवाऱ्यांचा फेस डोळ्यांत गेलेली पोरं एकामागून एक येत राहिली. दुपारी जेवायच्या वेळी त्या नर्सचा व्हिडिओ कॉल आला, तिकडून आईही जोडलेली. आईला मला बघायचं होतं. मी स्टोअररूममध्ये जाऊन दार लावलं. पडद्यावर पिवळा सदरा घातलेली किरकोळ बाई फुटपाथवर बसली होती. शेजारी दोन म्हातारे. मागून गाड्या भरधाव जात होत्या, कुणी थांबत नव्हतं. आपण बरं नि आपलं काम बरं, असं म्हणत मी पन्नाशी गाठली. कधी एका मोर्चात गेले नाही. पण त्यांच्यासमोर मला खुर्चीवर बसवेना. मी खाली फरशीवर मांडी घातली.

आईने माझ्याकडे बघत बोटं मोजली आणि काहीतरी म्हणाली. लेकीने सांगितलं, "आई म्हणते, आता आपण पाच झालो."