मुळं वर करून ठेवलेली घाणेरी

इंदुरीचे दगडूआबा गेले, हे त्यांच्या पुतण्याने फोनवर कळवलं तेव्हा मी तळेगावात कामावर होतो. पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. गायरानातून पायी परतलो. घरी पाहिलं, तर मोज्यांत कुसळं रुतली होती... बारा वर्षांपूर्वी त्या वाटेवर कुसळ लागणं शक्यच नव्हतं, कारण गवतच नव्हतं. होती ती डोक्याएवढी घाणेरी, म्हणजे टणटणीची काटेरी झुडपं. शेळीसुद्धा आत शिरत नसे.

आबांकडे तेव्हा दोन म्हशी, गुडघेदुखी आणि एक कुदळ. गायरानात पुन्हा गवत यावं, एवढाच त्यांचा ध्यास. मी रविवारी मदतीला जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी कोयत्याने छत्तीस झुडपं जमिनीसरशी छाटली आणि आकडा त्यांना सांगितला.

"पावसानंतर मोजा भाऊ," ते हसून म्हणाले, "दीडशे हुतील."

तसंच झालं. प्रत्येक बुंध्याला चार-पाच फुटवे आले. मग त्यांनी दाखवलं. बुंध्यापाशी चार बोटं माती उकरायची, मुळावर घाव घालायचा आणि उपसलेला गड्डा मुळं आभाळाकडे करून ठेवायचा. "मुळाला माती लागली, की ती परत जगती."

तिसऱ्या वर्षी मोकळ्या जागेत पवना आणि मारवेल हे चाऱ्याचं गवत उगवलं. कुणी पेरलं नव्हतं. आबा म्हणाले, "हितंच हुतं की. वरचं झाकण काढलं आपण."

पण बुलबुल घाणेरीची फळं खाऊन गायरानातल्या बोरीवर बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया खाली पडतात. दर पावसाळ्यात बोरीखाली नवी रोपं येत आणि आबा ती वाकून उपटत. शेवटच्या भेटीत अंथरुणावरून त्यांनी विचारलं, "आमी गेल्यावर बोरीखाली कोण वाकणार? तीन पावसाळं बघितलं न्हाई, तर सगळं पयल्यासारखं." माझे रविवार आता फारसे मोकळे नसत, हे मला ठाऊक होतं.

आबा गेल्यावर पाच आठवड्यांनी, गेल्या रविवारी, बोरीखाली गेलो. उपटायला एकही रोप नव्हतं. शेजारच्या दगडावर सतरा रोपं ओळीने ठेवलेली, मुळं वर. पानं अजून हिरवी होती. पलीकडे आबांच्या पत्नी, मावशी, म्हशी राखत बसल्या होत्या.

"तुम्ही काढलीत?"

"मग? म्हशी चरत्यात तवर हात रिकामंच की. आन् एखादं सुलटं ऱ्हायलं, तर हे सपनात येऊन बोलतील."

मी दगडाशी वाकून पुन्हा पाहिलं. एकाचंही मूळ मातीला टेकलं नव्हतं.