पहिल्या आचेचे तीन दिवस

कोणत्याही तापलेल्या वस्तूजवळ ते आधी पालथा हात न्यायचे. चहाचं पातेलं असो, स्कूटरचं इंजिन असो की उन्हातला पत्रा. हात वीतभर अंतरावर थांबवायचे आणि आकडा सांगायचे. "बासष्ट." मी थर्मामीटर लावून अनेकदा पडताळा घेतला, चूक चार अंशांच्या पुढे गेली नाही. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, ज्यांचा हात उपकरणापेक्षा खात्रीचा असतो आणि ज्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीत ते सर्वांत वरच्या मजल्यावर, मी त्यांच्या खाली. मूळचे अकोल्याकडचे, पुण्यात एका कारखान्याच्या भट्टीखात्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला भाऊ.

गेल्या वर्षी काकूंचा आजार पोटात सगळीकडे पसरल्याचं कळलं. औषधांनी तोंडाची चव गेली. वरणभात लोखंड चाटल्यासारखा लागतो, म्हणायच्या. मागायच्या ती एकच गोष्ट: निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. गॅसवरचं नको. हे परदेशातल्या मुलाच्या कानावर गेलं. त्याला रजा मिळत नव्हती. त्याने कामादो पाठवली. कामादो म्हणजे जाड सिरॅमिकची, अंड्याच्या आकाराची, झाकण असलेली कोळशाची भट्टी. वजन बेचाळीस किलो. शेवटच्या जिन्यावरून चौघांनी ती उचलून बुधवारी गच्चीवर नेली.

चार विटा मांडून त्यावर जाळी ठेवली असती, तर त्याच संध्याकाळी भरीत झालं असतं. काकूंनी तसं सुचवलंही. "थांब जराशी," काका म्हणाले. "पोराने एवढी पाठवली आहे."

यादीत सव्वीस बोल्ट होते, पिशवीत पंचवीस. मी दोनदा मोजले, त्यांनी तिसऱ्यांदा. कमी होता तो चाकांच्या चौकटीचा. पंचविसांवरही ती उभी राहिली असती, पण अपुऱ्या सामानावर जुळणी सुरू करणाऱ्यांपैकी आम्ही दोघेही नव्हतो. गुरुवारी ते खडकी बाजारातून त्याच आट्यांचा बोल्ट घेऊन आले, तेव्हा चार वाजले होते. मग चौकट उभी केली, खालचं भांडं बसवलं, पोलादी पट्टे आवळले, बिजागरी लावली, झाकण चढवलं. आत विस्तवाचं भांडं, वर जाळी. मी इंग्रजी पुस्तिका मोठ्याने वाचत होतो, ते एकेक बोल्ट कसत होते. अंधार पडायच्या आत काम झालं.

"आता तीन दिवस आच," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी शंभर, दुसऱ्या दिवशी दीडशे, तिसऱ्या दिवशी दोनशे. रोज थंड होऊ द्यायची."

कारखान्यात नव्या भट्टीचं आतलं विटांचं अस्तर असंच वाळवत. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी साहेबांच्या घाईने हा नियम मोडला, आत राहिलेल्या ओलाव्याने अस्तर फुटलं आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे डोळे गेले. ते हे कधी रंगवून सांगत नसत. एवढंच म्हणत, "घाई त्याची नव्हती, डोळे त्याचे गेले."

शुक्रवारी पहिली आच. मी वही घेऊन बसलो होतो, दर दहा मिनिटांनी आकडा. अकराच्या सुमारास काकू कठडा धरत स्वतः गच्चीवर आल्या. कित्येक आठवड्यांत त्या एवढं चालल्या नव्हत्या. खुर्चीत बसून दम खाल्ला.

"आज भूक लागली आहे, जी," त्या म्हणाल्या. "आज भाजा."

"शंभराच्या वर न्यायची नाही आज."

"मग शंभरावर भाजा."

"कच्चं राहते. आणि भट्टीला तडा जाईल तो वेगळा."

"भट्टीला जाईल," काकू म्हणाल्या. "मला कवाचा गेला." मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही तरी सांगा."

पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं: पहिल्यांदा मंद आचेवर एक तास, म्हणजे झाकणाच्या कडेची पट्टी नीट बसते. त्यानंतर स्वयंपाकाला हरकत नाही. मी तसं सांगितलं.

"पुस्तक लिहिणाऱ्याने भट्टीची वीट बदलली आहे का कधी?" काकांनी विचारलं.

मी वहीत आकडा लिहिला. अठ्ठ्याण्णव. काकू थोडा वेळ बसल्या आणि जिना उतरून गेल्या.

शनिवारी त्या वर आल्या नाहीत. रविवारी विचारलं, तर झोपल्या आहेत म्हणाले. त्या दोन्ही दिवसांचे आकडे माझ्या वहीत आहेत. एकही चुकलेला नाही.

सोमवारी भट्टी तयार झाली. कुठेही तडा नाही. काकांनी दोन मोठी वांगी भाजली, सालं काढली, पातीचा कांदा आणि हिरवी मिरची घालून कालवली. भरीत उत्तम झालं होतं, मी चाखलं आहे. ते वाटी घेऊन खाली गेले, मागोमाग मी. वाटी तोंडाजवळ येताच काकूंना त्या धुराच्या वासानेच उमळून आलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "न्या तिकडे," म्हणाल्या. काका दारात वाटी धरून उभे राहिले. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं. मी ती हातातून घेतली.

त्यानंतर नऊ दिवस काकूंच्या पोटात चमच्याने पाजलेल्या पाण्याशिवाय काही गेलं नाही. दहाव्या दिवशी तेही थांबलं.

मुलगा आला, तेरावा उरकून परत गेला. काकांनी अकोल्याला धाकट्या भावाकडे राहायचं ठरवलं. भट्टी गच्चीवरच होती. निघायच्या सकाळी मी त्यांची बॅग घेऊन फाटकापर्यंत गेलो. रिक्षा उभी होती.

"भाऊ," ते म्हणाले, "एक तास पुरे आहे, असं तुम्ही म्हटलं होतं."

"हो."

"एकदाच म्हटलं." त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली, सीटवर सरकवली आणि तिच्या शेजारी बसले.