नीयत केली की झालं!

मशिदीसमोर दुकान असलं की माणसाला वेगळा टाइमपास लागत नाही. आमगावला माझं मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान आहे. बाहेर एक बाकडं टाकलंय. दुपार कलली, असरची नमाज झाली की मंडळी तिथेच टेकतात. माझे हात कुकरच्या शिट्टीत आणि कान बाकड्यावर! इतके किस्से साठलेत की आता कुठला कुणाचा, हेही कधी कधी विसरतो.

त्यात एका शुक्रवारी आमच्या इमामसाहेबांनी, म्हणजे हाफिजजींनी, नमाजेआधीच्या बयानात नीयतीचा विषय काढला. कुठल्याही कामाचं मोल त्यामागच्या नीयतीवर ठरतं, म्हणून आधी मनाशी पक्कं करा की हे आपण कोणासाठी करतोय, असं त्यांनी सांगितलं. सरळ गोष्ट होती. आमच्या लोकांनी ती अशी घेतली, की उद्यापासून दुसऱ्याची नीयत तपासायची!

एकट्या कलाम चाचांनी ती घरी नेली. चाचा रेल्वेच्या गँगमध्ये रुळांवर काम करून रिटायर झालेले. त्यांच्या बायकोचं, जुबेदा चाचींचं, अलीकडे भान सुटत चाललं होतं. कधी कधी तर त्या चाचांनाही ओळखत नसत. पण अजान झाली की उठायच्याच.

चाचांनी बाकड्यावर बसून हाफिजजींना विचारलं, "कौनसी नमाज पढ़ रही, तेबी याद नाई राहत तिले. नीयत काय बांधन ती? तिची नमाज तिकडे वर धरतात का?"

"होश ही न रहा तो उन पर फर्ज ही नहीं, चाचा. माफ है," हाफिजजी म्हणाले.

"माफीचं नाई इचारत मी. इतक्या मनानं उठते ती. धरतात का, ते सांगा."

हाफिजजी टोपी नीट करत मशिदीत निघून गेले. मग चाचा रोज तेच विचारायला लागले.

*

आमचा सलीम टेलर मे महिन्यात भलताच धार्मिक होतो. दुपारच्या नमाजेला सगळ्यांच्या आधी हजर आणि नंतर तिथेच कूलरसमोर आडवा! हाफिजजींनी टोकलं, तर म्हणाला, "एतकाफची नीयत केली आहे ना!"

उपासनेसाठी मशिदीत थांबून राहणं म्हणजे एतकाफ. तशी नीयत केली असेल तर तिथे झोपायलाही मोकळीक असते.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला. सलीमनं एक डोळा उघडला, टोपी खिशात घातली आणि चप्पल शोधू लागला.

मी विचारलं, "काऊन रे, एतकाफ?"

"लाइट येईपर्यंत सुट्टी!"

*

याच सलीमचं एकदा सकाळी बायकोशी वाजलं. गडी चहासुद्धा न घेता दुकानात येऊन बसला. अकराच्या सुमारास पोटात कावळे ओरडायला लागले. तेव्हा त्याला मसला, म्हणजे धर्मातला नियम, आठवला, की पहाटेपासून काही खाल्लं-प्यायलं नसेल तर नफील, म्हणजे ऐच्छिक रोज्याची नीयत दुपारच्या आधीपर्यंत करता येते आणि त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, मिळतो. लगेच घरी फोन केला, "डबा नको. रोजा आहे माझा."

भाभी स्वतः डबा घेऊन आली. "भांडून उपाशी निघाले, अन् आता वरून सवाबबी पाहिजे तुमाले!"

असं म्हणून तिनं खिम्याचा डबा उघडून त्याच्या मशीनवर ठेवला आणि निघून गेली. बिचाऱ्यानं तो दिवस कसा काढला, त्याचं त्यालाच ठाऊक.

*

हनीफ सेठची राइस मिल आहे. त्यांनी वडिलांच्या नावानं मशिदीला पंखा दिला. पात्यांवर लाल रंगात नाव घातलं, वडिलांचं आणि खाली स्वतःचंही! आता गोंदियाकडचा उन्हाळा, पंखा बंद कोण ठेवणार? आणि फिरत्या पंख्यावरचं नाव कोण वाचणार? सेठ आले की बटणाजवळ बसायचे. "हवा तो आ रही है खिडकी से," म्हणत हळूच बंद करायचे.

एक दिवस हाफिजजी घाम पुसत म्हणाले, "सेठ, अल्लाह ने नाम पढ़ लिया. अब हमको हवा लगने दो!"

सगळी मशीद हसली. कलाम चाचा तेवढे हसले नाहीत. बाहेर येताच त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

*

शेवटी एक दिवस हाफिजजी म्हणाले, "चलिए चाचा, मैं खुद देखता हूं." मीही शटर ओढून मागे गेलो.

आम्ही चाचांच्या छपरीत बसलो. चाचींनी पाणी आणलं. हाफिजजींना दिलं, मला दिलं, मग चाचांपुढे ग्लास धरून म्हणाल्या, "तुमीबी घ्या भाऊ."

चाचांनी मुकाट्यानं घेतलं.

अजान झाली. मशिदीत नमाज उभी राहायला अजून वेळ होता. आतल्या खोलीत चाचांनी अंथरून ठेवलेल्या जानमाजवर चाची उभ्या राहिल्या. वाकल्या, सजद्यात गेल्या, उठल्या आणि थांबल्या. पुढचं आठवेना. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडल्या. चाचा हाफिजजींच्या तोंडाकडे बघत होते. मग चाची बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. दुआ आपल्या माहेरच्या, सौंदडकडच्या बोलीत मागू लागल्या, मोठ्यानं.

"अल्ला, ते लाइनवर गेले आहेत. पाणी खूब येऊन राहिलं. त्याइले नीट घरी आन."

बाहेर रखरखीत ऊन होतं. चाचा दारालगतच बसले होते, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर. हाफिजजींनी मान खाली घातली.

चाचा उठले. चपला घातल्या. फाटकाबाहेर गेले, फाटक ओढून घेतलं आणि थोडं थांबून कडी वाजवली.

"जुबेदा! आलो मी."

चाची लगबगीनं बाहेर आल्या. फाटक उघडलं. चाचांना बघून त्यांचा चेहरा असा काही फुलला, की काय सांगू!

"आले का जी?" त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून हाफिजजींना म्हणाल्या, "पाहा, आत्ताच मागतलं होतं!"