जाचं गेला, गोचं वेंट

चिकलठाण्याच्या कारखान्यात तो माझ्या शेजारच्या मशीनवर होता. वैजापूरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजी हवं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडून क्रियापदांचे भूतकाळ शिकायचा. 'गो'चं 'वेंट' ऐकून बाकीचे हसले, तेव्हा म्हणाला, "त्यात काय? आपलं तरी 'जा'चं 'जाला' कुठं व्हतं? 'गेला'च व्हतं की!"

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते आणि शहरात तणाव होता. एका सकाळी कंपनीची बस दलित वस्तीजवळच्या थांब्यावर थांबलीच नाही. तिथं आमचे दोन कामगार उभे होते. यानं आरडाओरडा केला, पण ड्रायव्हर ऐकेना. शेवटी पुढच्या चौकात हा उतरला, मागं गेला आणि त्या दोघांना घेऊन चालत कारखान्यात आला. तिघांनाही उशीर झाला.

मॅनेजर मद्रासकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. केबिनबाहेर त्यानं मला गाठलं. "भाऊ, 'थांबू शकली असती' हे कसं म्हणायचं?"

"कुड हॅव स्टॉप्ड."

"लई लांबडं हाय," म्हणत त्यानं ते घोकलं आणि आत गेला. दाराबाहेर मला त्याचा आवाज ऐकू आला, "सर, बस कुड हॅव स्टॉप्ड. बस डिड नॉट स्टॉप."

तिघांचाही अर्धा दिवस कापला गेला. पण त्या दोघांनी नंतर मला सांगितलं, की दुसऱ्या सकाळी बस थांबली, आणि ते चढेपर्यंत हा दारात पाय रोवून उभा होता.